गुराखी देबू : श्रीगाडगेबाबांच्या चरित्रातील गोठा

आम्ही आज श्रीगाडगेबाबांच्या चरित्राचा थोडा भाग सांगणार आहोत. बाबांचे चरित्र वारकऱ्यांना नवीन नाही. डिसेंबर महिन्यात त्यांची पुण्यतिथी येते, तेव्हा गावोगाव कीर्तने होतात, खराट्याचे माहात्म्य सांगितले जाते, धर्मशाळांची यादी वाचली जाते. ते सर्व योग्यच आहे. पण बाबांच्या हाती खराटा प्रथम आला तो कुठे? रस्त्यावर नव्हे, वाळवंटात नव्हे. तो आला मामाच्या गोठ्यात. ही गोष्ट कीर्तनात सहसा येत नाही. आम्हीसुद्धा पुष्कळ वर्षे सांगितली नाही. ती आता का सांगतो, तेही पुढे ओघाने येईल.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात, शेणगाव येथे झाला. वडील झिंगराजी जानोरकर, आई सखूबाई. घर परिटाचे. मुलाचे नाव ठेवले देबू. त्या काळी देवाच्या नावाने बकरे कापायचे, पंगत घालायची आणि त्या पंगतीत दारू वाटायची अशी चाल गावोगाव होती. देवाचे निमित्त आणि जिभेचे चोचले! झिंगराजी त्याच वाटेने गेले आणि व्यसनानेच त्यांचा अंत झाला. देबू त्या वेळी जेमतेम आठ वर्षांचा. बकऱ्याची मान आणि बापाचा प्राण एकाच पंगतीत गेले, हे त्या लेकराने पाहिले. पुढे आयुष्यभर बाबा बळीच्या विरुद्ध एवढ्या पोटतिडकीने का बोलत, याचे मूळ इथे आहे असे आम्हांस वाटते.

सखूबाई लेकराला घेऊन माहेरी आल्या. मूर्तिजापूरजवळ दापुरे म्हणून गाव आहे. तिथे देबूचे मामा चंद्रभान यांची शेती होती, गुरेढोरे होती. पोरक्या भाच्याला मामाच्या घरी बसून खाता येत नाही, हे कुणी सांगावे लागत नाही. देबूने आपण होऊन गुरे पत्करली. शाळेचे तोंड पाहिले नाही. त्याची शाळा म्हणजे गोठा, आणि गुरुजी म्हणजे गाईबैल!

आता त्या शाळेतला दिवस कसा असे तो पहा. पहाटे सर्वांच्या आधी उठायचे. रात्रीचे शेण उचलायचे, मूत साचलेली जागा खराट्याने ओढून कोरडी करायची, गव्हाणीतला उष्टा कडबा काढून नवा टाकायचा. मग गुरे सोडून रानात न्यायची. कोणती गाय कळप सोडून पिकात तोंड घालते, कोणता गोऱ्हा मारका आहे, कोणाचा पाय दुखतो आहे, हे चालीवरून ओळखायचे. दुपारी नदीवर नेऊन एकेकाला घासून धुवायचे. देबूला जनावरे धुण्याची फार हौस. परिटाचे पोर ते! कपड्याचा मळ काढणारे हात बैलाच्या पाठीवर फिरू लागले, एवढाच फरक. सांजेला परत आणून दावणीला बांधायचे, आणि सर्वांनी तोंड घातले, सर्वांनी पाणी प्याले, एवढे पाहिल्यावर मग आपली भाकरी.

आम्ही पाठशाळेत असताना रघुवंशाचा दुसरा सर्ग मुखोद्गत केला होता. दिलीप राजा नंदिनी धेनूच्या मागे रानात जातो. ती चालली की चालतो, ती थांबली की थांबतो, ती बसली की बसतो; गोड गवताचा घास तिच्या तोंडाशी धरतो, अंग खाजवतो, डास-माशा वारतो. ती पाणी प्याल्यावर आपण पितो. असे एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी सिंह आडवा आला तेव्हा तिच्यासाठी राजा आपला देह द्यायला निघाला. आमचे गुरुजी हा सर्ग शिकवताना डोळे पुसत. पण आम्हां मुलांच्या मनात कधी आले नाही, की हे सगळे आपल्या गावचा गुराखी रोज करतो आणि त्याच्यावर कोणी काव्य लिहीत नाही. राजाने एकवीस दिवस केले म्हणून महाकाव्य झाले. देबूने वर्षानुवर्षे केले. पण वऱ्हाडात गुराख्याला गायकी म्हणतात, एवढाच काय तो त्याचा किताब!

गोपाल हा शब्दच पहा ना. गो म्हणजे गाय, आणि पालचे मूळ राखणे, सांभाळणे. गाईची पूजा करतो तो गोपाल असे कोणत्याही कोशात लिहिलेले नाही. सांभाळतो तो गोपाल. पुढे बाबा हजारोंच्या समुदायात गोपाळाच्या नामाचा गजर करीत, आणि सारा गाव त्यांच्या मागे तो गजर उचलून धरी. ते नाम त्यांनी पोथीतून घेतले नव्हते. ते त्यांचे स्वतःचे काम होते.

रानात देबूच्या भोवती गुराख्यांची पोरे जमत. निरनिराळ्या जातींची पोरे. शिदोऱ्या सोडून सगळी एकत्र बसत, भजन म्हणत. वारकरी हो, हाच काला नव्हे काय? सप्ताहाच्या शेवटी आपण दहीलाह्यांचा काला करतो, तो गोकुळातल्या गुराख्यांच्या शिदोरीचीच आठवण म्हणून. दापुऱ्याच्या रानात तो कुठल्याही समारंभाशिवाय चालला होता.

पुढे देबू तरणाबांड झाला. शेतीत त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. १८९२ साली कुंताबाईंशी लग्न झाले. पण मामा सावकाराच्या कागदात अडकले होते. अंगठा उठवला, जमीन गेली, आणि त्या धसक्याने मामाही गेले. ज्या शेतात आपण बैलांबरोबर घाम गाळला ते शेत कागदाच्या एका तुकड्याने जाते, हे देबूने पाहिले. अक्षर न शिकल्याचे फळ काय असते ते त्याला तिथे कळले. पुढे बाबांनी शाळा आणि वसतिगृहे उभी केली, त्याचे बी हे.

थोरल्या मुलीचे बारसे आले. भाऊबंद जमले. चालीप्रमाणे बकरे आणि दारू हवी. देबूने दोन्हींना नकार दिला आणि पंगतीला गोडधोड वाढले. भाऊबंद रागावले, नावे ठेवली. आज आपणांस हे लहान वाटेल. पण जातीच्या पंगतीपुढे एकट्याने उभे राहणे म्हणजे काय, हे खेड्यात राहिलेल्यांना विचारा. एका मुक्या जिवाची मान वाचवण्यासाठी देबूने आपली मान पुढे केली. दिलीप राजाने तरी निराळे काय केले?

१ फेब्रुवारी १९०५ च्या रात्री देबूजी घर सोडून निघाले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि एक फुटके गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे, ऊन लागले तर तेच डोक्यावर घालायचे. लोकांनी त्यावरूनच नाव ठेवले. गावात शिरले की आधी खराटा घेऊन रस्ता झाडायचा, कोणाची लाकडे फोडून द्यायची, आणि काम झाल्यावर मगच भाकरी मागायची. फुकटचा घास घ्यायचा नाही. हा नेम कुठून आला? आम्ही म्हणतो, गोठ्यातूनच आला. आधी जनावराचे पोट, मग आपले. आधी शेण, मग भाकरी. पहाटेचा तोच क्रम बाबांनी साऱ्या महाराष्ट्राला लावला. गोठा मोठा झाला, इतकेच.

दिवसा झाडलेल्या गावात रात्री कीर्तन. बाबांचे कीर्तन आमच्यासारख्यांचे नव्हे. पूर्वरंग नाही, उत्तररंग नाही, शास्त्राधार नाही. समोरच्या माणसाला प्रश्न विचारायचा, त्याच्याच तोंडून उत्तर काढायचे, आणि त्या उत्तरात त्याला बांधून टाकायचे. जत्रेत कोंबडी-बकरी कापणाऱ्यांना ते विचारीत, की सगळ्यांची आई जर देवी, तर बकऱ्याची आई कोण? आपल्या एका लेकराचा गळा कापून दुसऱ्याने नैवेद्य दाखवला तर कोणती आई तो घेईल? माणसे आधी हसत, मग गप्प होत. पुष्कळांनी त्या गप्प बसण्यातच सुरी खाली ठेवली. आमच्या तीर्थरूपांनी ही कीर्तने ऐकली होती. ते सांगत, की घरी परतताना माणसे वाटेत एकमेकांशी बोलत नसत.

आता बाबांनी उभारलेल्या कामांकडे येऊ. ऋणमोचनला पूर्णेच्या काठी १९०८ साली घाट बांधला. तिथल्या यात्रेत अंध-पंगूंना जेवू घालण्याचा त्यांचा नेम होता. पंढरपुरात १९१७ साली चोखामेळा धर्मशाळेचे काम उभे राहिले, कारण चोखोबांच्या लेकरांना वारीत डोके टेकायला जागा नव्हती. हीच वास्तू १९४९ साली बाबांनी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. नाशिक, देहू, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा झाल्या. आणि ज्या मूर्तिजापूरच्या परिसरात देबूने गुरे राखली, तिथे १९२५ च्या सुमारास बाबांनी गोरक्षण उभे केले. त्याच गावी धर्मशाळा आणि विद्यालयही झाले.

काही लोकांना वाटते, धर्मशाळा निराळी आणि गोरक्षण निराळे. आम्हांस तसे वाटत नाही. ज्याला कोणी दारात उभे करीत नाही त्याला छप्पर देणे, हे दोन्हींचे मर्म एकच आहे. दूध देते तोवर गाय घरची लक्ष्मी असते. दूध आटले, दात झिजले, पाय मोडला, की तिला बाजाराची वाट. जनावरांना आसरा देण्याची रीत आपल्या देशात जुनी आहे. मुंबईची पांजरापोळ १८३४ सालची. पण आसरा म्हणजे नुसते कुंपण नव्हे. कुंपणाच्या आत कोणीतरी पहाटे उठणारा लागतो. ही गोष्ट आम्हांस एका मरणाने शिकवली. ते मरण आमच्याच हातून झाले, म्हणून सांगतो.

पुष्कळ वर्षे झाली. एका गोरक्षणात सप्ताह होता. गावाचे नाव सांगत नाही. काल्याचे कीर्तन आमचे होते. गोपाळाच्या खोड्या, गाईंचे हंबरणे, मुरली, सगळे रंगात आले. महाप्रसाद झाला, बुंदी आणि भात पुष्कळ उरला. आम्ही म्हणालो, गोमातेलाही प्रसाद हवा. यजमानांनी घमेली भरली आणि आम्ही आपल्या हाताने चारू लागलो. गोठ्यावरचा एक म्हातारा गडी पुढे आला, हात जोडले आणि म्हणाला, की महाराज, एवढे नका घालू, गाईला हे सोसत नाही. आम्हांस राग आला. देवाचा प्रसाद गाईला बाधेल असे सांगणारा हा कोण, असे मनात आले, आणि मनात आले ते तोंडानेही बोललो. तो बाजूला झाला. एका म्हाताऱ्या कपिलेने दोन घमेली संपवली. लोकांना धन्य वाटले.

मध्यरात्री कुणीतरी उठवले. कपिला आडवी पडली होती. डावी कूस फुगून आली होती, रवंथ बंद, डोळे आत गेलेले. तो गडी तिचे डोके मांडीवर घेऊन बसला होता. तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी होते ते सर्व केले. उजाडता उजाडता ती गेली. डॉक्टरांनी आम्हांस समजावून सांगितले, की गाईचे पोट चाऱ्यासाठी घडलेले आहे. भात, बुंदी, पोळ्या, गूळ असे पिठूळ आणि गोड एकदम पुष्कळ पोटात गेले, की तिथे आंबण सुटते, आम्ल वाढते, पोटाचे काम थांबते आणि जनावर दगावते. सणावाराला पुण्य करणाऱ्यांच्या हातून असे पुष्कळदा घडते. आम्ही न्यायाचे आणि व्याकरणाचे ग्रंथ वाचलेले. जे त्या गड्याला ठाऊक होते ते आम्हांस ठाऊक नव्हते. त्याने जागा धुतली, राख टाकली, आणि निघताना नेहमीप्रमाणे आमच्या पायावर डोके ठेवायला आला. त्या क्षणी आम्हांस बाबांची काठी आठवली. पाया पडायला येणाऱ्याला बाबा काठी दाखवीत, ते का, हे आम्हांस तेव्हा कळले. आम्ही त्याचे हात धरले. पण बोलायला शब्द आला नाही.

त्या दिवसापासून आमचा एक नेम आहे. गोरक्षणात कीर्तन असेल तर आदल्या दिवशी जायचे आणि त्या गड्यांच्या हाताखाली राबायचे. शरीर आता साथ देत नाही, पण खराटा धरता येतो. तिथे जे पाहिले ते थोडक्यात सांगतो. एक गाय दिवसाला दहा-बारा किलो शेण टाकते आणि चाळीस-पन्नास लिटर पाणी पिते, उन्हाळ्यात त्याहून अधिक. शंभर गाई असल्या की रोज टनभर शेण उचलायचे आणि चार-पाच हजार लिटर पाणी भरायचे. एक दिवस खाडा चालत नाही, दिवाळी असो की आषाढी. अंगावरच्या गोचिडी काढायच्या, वाढलेले खूर कापायचे, जखमेत किडे पडले तर एकेक वेचून जखम धुवायची. सर्वांत कठीण सेवा बसलेल्या गाईची. जी उठू शकत नाही तिला दर थोड्या तासांनी कुशीवरून वळवावे लागते, खाली कोरडे गवत बदलावे लागते. नाहीतर एका अंगावर पडून कातडी सोलवटते आणि ती जिवंतपणी सडते. रात्री दोन वाजता उठून चौघांनी एका म्हाताऱ्या गाईला दुसऱ्या कुशीवर वळवायचे, तिच्याकडून ना दूध ना वासरू, आणि पाहायलाही कोणी नाही. याहून निष्काम कर्म आम्ही कुठे पाहिले नाही. गीतेवर प्रवचने मात्र पुष्कळ केली!

आता बाबांच्या अखेरीकडे वळतो. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी श्रीगाडगेबाबा मिशनची स्थापना झाली आणि सर्व संस्थांचा कारभार तिच्याकडे गेला. एवढ्या इमारती उभारल्या. पण त्यांतल्या एकीतही बाबांनी आपला संसार थाटला नाही, शिष्य केला नाही, गादी ठेवली नाही. शेवटी देह थकला, तरी फिरणे थांबले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी, रात्रीच्या वेळी, अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतच त्यांनी देह ठेवला. नदीकाठी गुरे धुणारा देबू, नदीवरच निजधामाला गेला. अमरावतीस जिथे त्यांची समाधी आहे, तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

बाबांच्या मागे त्यांच्या शिकवणीची दहा सूत्रे लोकांनी जागोजागी फलकांवर लिहिली. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी यांच्याच रांगेत तिथे मुक्या प्राण्यांना अभय हेही सूत्र आहे. अभय हा शब्द नीट पहा. त्यात पूजा नाही, हार नाही, घमेलेभर बुंदी नाही. ज्याच्या सहवासात जनावराला भय वाटत नाही तो अभय देतो. पहाटे खराट्याचा आवाज ऐकून ज्याच्याकडे गाय मान वळवते, त्याने ते दिलेले असते.

वारकरी हो, आपल्या संप्रदायाला हे नवे का आहे? भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेवराय तुपाची वाटी घेऊन धावले. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला नाथबाबांनी रामेश्वराची कावड पाजली. या कथा आम्ही सांगतो, तुम्ही डोलता. पण त्यांचे करायचे काय? आम्ही चार साध्या गोष्टी सुचवतो. गोरक्षणात जाल तेव्हा शिजवलेले अन्न नेऊ नका. चारा न्या, कडबा न्या, आणि काय हवे ते आधी गोठ्यावरच्या माणसाला विचारा. वारीच्या वाटेवर फराळाची प्लास्टिकची पिशवी टाकू नका. उष्ट्याच्या वासाने गाय ती पिशवीसकट गिळते, ती पोटातून बाहेर पडत नाही, आणि अशा पिशव्या साठून जनावर भरल्या पोटी उपाशी मरते. दिंडीतल्या बैलांना मुक्कामी आधी पाणी दाखवा, मग आपला टाळ घ्या. आणि सप्ताहाच्या पंगतीत गोठ्यावरच्या गड्याला दारात उभे ठेवू नका. पहिल्या पंक्तीला बसवा. त्याच्या अंगाला शेणाचा वास येतो म्हणाल, तर गोकुळातल्या गोपाळाच्या अंगाला कसला वास येत असेल, याचा विचार करा.

आम्ही अजून काल्याचे कीर्तन करतो. पण आता सुरुवात मुरलीने करीत नाही. आधी दापुऱ्याच्या गोठ्यातला एक आठ वर्षांचा पोरका मुलगा सांगतो. तो अंधारात उठला आहे आणि शेण उचलतो आहे. मग गोपाळ आपोआप येतो.

असो. बोललो त्यात उणे-अधिक असेल ते सज्जनांनी क्षमा करावे, आणि त्या कपिलेनेही करावे.

रामकृष्णहरी.